पुण्यातून पवनेला: लोकल, वडापची जीप आणि परतीचं गणित

पवनेला, म्हणजे मावळातल्या पवना धरणाच्या पाण्याकाठी, जायचं असेल तर लोणावळ्याचं तिकीट काढू नका, कामशेतचं काढा. सगळ्यात आधी हेच सांगतो, कारण पुण्यातली बरीच माणसं "पवना लेक, लोणावळा" असं ऐकून थेट लोणावळ्याला उतरतात, मग स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी घासाघीस करतात आणि भरमसाट भाडं देऊन दुधिवरे खिंड उतरून परत पुण्याच्याच दिशेला येतात. धरणाला लागून जे गाव आहे ते पवनानगर, जुनी माणसं अजून काळे कॉलनी म्हणतात, आणि ते कामशेतपासून साधारण पंधरा किलोमीटरवर आहे, रस्ता बराचसा सपाट, वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या, जीप सुटतात, गाव येईपर्यंत दोन्ही बाजूला भाताची खाचरं. मी गेली बारा वर्षं जातोय, मित्रांबरोबर, एकटा, एकदा आईला घेऊन, आणि गाडी असूनसुद्धा अजून लोकलनेच जातो, त्यामुळे आधी लोकलचं सविस्तर सांगतो, गाडीचं नंतर थोडक्यात.

आधी ठरवा, पवना म्हणजे नक्की कुठे

"पवनेला चाललोय" हा काही पत्ता नाही. पाणी खूप लांबवर पसरलंय आणि ते चार किल्ल्यांच्या मधे आहे, उत्तरेला लोहगड आणि विसापूर, दुसऱ्या अंगाला तिकोना आणि तुंग. पुरंदरच्या तहात (१६६५) जे २३ किल्ले द्यावे लागले त्यात हे चारही होते, म्हणजे एका जागी उभं राहून तहातले चार किल्ले दिसतात असं ठिकाण आहे हे, आणि लोहगड तर २०२५ मधे युनेस्कोच्या जागतिक वारशात आला.

पवनानगरला पोचलात की रस्त्याचे दोन फाटे लक्षात ठेवायचे. एक जातो ठाकूरसई, दुधिवरेकडे आणि पुढे खिंड चढून लोणावळ्याला. या बाजूला पाण्याकाठची बरीचशी तंबूवाली मंडळी आहेत आणि लोहगडाचा मागचा अंगही याच बाजूला. दुसरा नदी ओलांडून जवण, तिकोना पेठ, मोरवे, चावसर करत तुंगकडे. तिकोन्याला जायचंय आणि तंबू बुक केलाय ठाकूरसईला, असं झालं की अख्खा दिवस रस्त्यातच जातो. बुकिंग करताना गावाचं नाव विचारा, नुसतं "लेकसाइड" म्हणाले तर त्याला काही अर्थ नाही, सगळंच लेकसाइड आहे.

आणि हो, पवनानगरच्या चौकात उतरलात की समोर पाणी दिसेल असं वाटतं, तसं नाहीये. भिंत दिसते. भिंतीवर जायला परवानगी नाही, सुरक्षारक्षक असतात, त्यांच्याशी हुज्जत घालू नका. पाण्यासाठी दोनपैकी एका फाट्याने पुढे जावंच लागतं.

जाण्याआधी परत यायचं ठरवा

हे मी सगळ्यांना सांगतो आणि सगळे मान डोलावतात आणि कोणीच करत नाही. सकाळी कामशेतहून पवनानगरला जायला जीप मिळते, लोक येत-जात असतात, बाजारवाले, कामावर जाणारे. संध्याकाळी पवनानगरहून कामशेतकडे जाणारं कोण असणार? फारच थोडे. त्यामुळे जीप भरायला वेळ लागतो आणि अंधार पडल्यावर तर भरतच नाही.

तिसऱ्या की चौथ्या वेळी मी तिकोन्यावरून सूर्यास्त बघून उतरलो, फार सुंदर होता, खाली येईपर्यंत साडेसात, आणि पवनानगरपर्यंत कसाबसा एका बाइकवाल्या दादांच्या मागे बसून आलो तर चौकात एक पण गाडी नाही. दीड तास बसलो. शेवटी दुधाचा टेम्पो चालला होता कामशेतला, त्यातल्या काकांनी पुढे बसवलं, पैसे घेतले नाहीत, उलट जेवलास का विचारलं. माणूस चांगला भेटला म्हणून निभावलं, पण तुम्ही त्याच्यावर अवलंबून राहू नका. माझा नियम आता असा आहे की पाचच्या सुमाराला पवनानगरच्या चौकात परत, काहीही झालं तरी. सकाळी ज्या जीपने गेलात त्या ड्रायव्हरदादांचाच नंबर घ्या आणि शेवटची फेरी किती वाजता मारता ते त्यांनाच विचारा, तो सगळ्यात खरा टाइमटेबल.

लोकल

पुणे ते लोणावळा लोकल पुणे स्टेशन, शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड करत तळेगाव, वडगाव, कान्हे आणि मग कामशेत. पुणे स्टेशनपासून सव्वा तास धरा. तिकीट वीस रुपयांच्या आत येतं, मोबाईलवर रेल्वेच्या अ‍ॅपवरून काढा किंवा खिडकीवर, पण खिडकीवर रविवारी सकाळी रांग असते म्हणून वीस मिनिटं आधी पोचा. काही लोकल शिवाजीनगरहूनच सुटतात, त्यामुळे आपली लोकल कुठून सुटतेय ते आदल्या रात्री बघून ठेवा.

कोथरूड, कर्वे रोडवाल्यांसाठी मेट्रो फार सोयीची झालीय, वनाजहून बसलात की सरळ पुणे रेल्वे स्टेशन, मधे बदलायला नको. पिंपरी-चिंचवडकडच्यांना मेट्रोची गरजच नाही, लोकल दारातून जाते. फक्त पहाटेच्या अगदी पहिल्या लोकलला मेट्रो चालू झालेली नसते, तेव्हा रिक्षा.

किती वाजताची पकडायची? साडेसहाच्या आसपासची, फार तर सात. आठनंतर निघालात तर पवनानगरला पोचेपर्यंत ऊन चढतं आणि मग तिकोना करायचा म्हणजे जीव जातो. आणि दुपारची लोकलची गॅप लक्षात ठेवा, या लाइनवर दुपारी बराच वेळ लोकल नसते, म्हणजे "अर्धा दिवस फिरून दोनला घरी" हा प्लॅन इथे चालत नाही. एकतर सकाळीच उरकून ये नाहीतर संध्याकाळच्याच लोकलने ये, मधलं काही नाही. रविवारी संध्याकाळी पुण्याकडे येणारी लोकल लोणावळ्यालाच भरून येते, कामशेतला चढता येतं पण बसायला मिळेल अशी आशा ठेवू नका, बरोबर वयस्कर कोणी असेल तर शनिवारी जा किंवा मधल्या वारी.

जाताना डाव्या खिडकीला बसा. कान्हे गेलं की डोंगर जवळ यायला लागतात, आणि पावसाळ्यात खाचरांमधे लावणी चालू असते, बायका वाकून एका रांगेत, इरलं दिसायचं पूर्वी, आता बहुतेक प्लॅस्टिकचे कागद.

कामशेत ते पवनानगर

स्टेशनबाहेर आलात की पवनानगरची जीप कुठे लागते असं कोणालाही विचारा, लगेच बोट दाखवतील. इथे तीन कामं उरकून घ्या कारण पुढे नीट होत नाहीत. एक, पोटात काहीतरी घाला, मिसळ, पोहे, वडापाव सगळं मिळतं. दोन, एटीएम, पुढे रोख लागते आणि डोंगराआड गेलं की नेटवर्क जातं, मोबाईलवरचं पेमेंट दर वेळी होईलच असं नाही. तीन, बरोबर बायका असतील तर हॉटेलात नाश्त्याला बसतानाच बाथरूम आहे का बघून बसा, स्टेशनवरच्यावर भरवसा ठेवू नका आणि पुढे गडाच्या पायथ्याला सोय मिळेलच असं नाही. माझ्या आईने पहिल्यांदा जाताना हाच प्रश्न विचारला होता आणि मला उत्तर माहीत नव्हतं, तेव्हापासून मी लक्ष देतो.

जीप भरल्याशिवाय सुटत नाही. शेअरचं भाडं पन्नासच्या आसपास धरून चला, सुट्टे ठेवा. चार-पाच जण असाल आणि घाई असेल तर उरलेल्या सीटचे पैसे देऊन लगेच निघता येतं, पण ते आधी बोलून घ्या, नंतर वाद नको. एसटीही आहे, तळेगाव डेपोची, पण फेऱ्या मोजक्या, मिळाली तर छान.

वाटेत करुंज, बेडसे, कडधे, येळसे अशी गावं लागतात. बेडशाला उतरायची इच्छा झाली तर जरूर उतरा. कार्ला-भाज्याएवढीच जुनी लेणी आहेत, पण गर्दी त्याच्या दहा टक्के पण नाही, साडेतीनशे-चारशे पायऱ्या, वर खांबांच्या डोक्यावर हत्ती-घोड्यांवर बसलेल्या जोड्या कोरल्यात, आणि लेणं पूर्वाभिमुख असल्यामुळे सकाळी ऊन थेट आत येतं. पहिल्या लोकलने आलात तरच हे जमतं. मी एकदा नऊच्या आत तिथे होतो, सोबत फक्त पहारेकरी, चैत्यगृहात अर्धा तास नुसता बसून होतो.

येळसे आलं की आजूबाजूला पॉलीहाऊस दिसतात, गुलाबाची. फेब्रुवारीत परदेशात गुलाब जातो तो इथूनही. आणि याच पट्ट्यातले शेतकरी ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ एक्स्प्रेसवेवर उतरले होते, पवनेचं पाणी बंद पाइपलाइनने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात, आणि पोलिसांच्या गोळीबारात त्यातले तीन जण गेले. ज्या पाण्याकाठी आपण फोटो काढायला जातो त्यासाठी इथल्या लोकांच्या जमिनी गेल्यात, धरणग्रस्तांची आंदोलनं अजून चालू आहेत. पिंपरी-चिंचवडमधे राहणाऱ्याच्या नळाला येतं ते याच नदीचं, रावेतला उचललेलं पाणी. हे सगळं माहीत असलं की शेताच्या बांधावर बाटल्या फेकायला हात धजावत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

चालणाऱ्यांसाठी: मळवलीवरून

तब्येत चांगली असेल आणि चालायची हौस असेल तर कामशेतच्या पुढचं स्टेशन मळवली. तिथून भाजे गाव, भाजे लेणी, गायमुख खिंड, लोहगडवाडी, लोहगड, असं चालत. स्टेशनपासून गडाच्या पायथ्यापर्यंत दोन तास निवांत. गडावर गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागे एक वळणावळणाने आहेत, खालून वर बघताना त्यांची साखळी अशी दिसते की पाय थांबतातच. विंचूकाट्यापर्यंत, म्हणजे गडाच्या लांब चिंचोळ्या सोंडेपर्यंत, जा, तिथून पवनेचं पाणी पूर्ण दिसतं, पलीकडे तुंगचा सुळका आणि तिकोन्याचा त्रिकोण. उतरून लोहगडवाडीतून दुसऱ्या बाजूने डांबरी रस्त्याने दुधिवरे, ठाकूरसईकडे खाली येता येतं, पण तिकडे वडाप जवळजवळ नसतंच, म्हणून तंबूवाल्याला आधीच सांगा, बरेच जण घ्यायला गाडी पाठवतात. ज्यांना मुक्काम करायचा नाही त्यांनी आल्या वाटेने मळवलीलाच परत जावं.

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मात्र लोहगड नको. खरंच नको. दरवाज्यात माणसं अडकून पडतात, पायऱ्या शेवाळलेल्या, खाली गाड्यांची रांग. त्याच दिवशी तिकोन्यालाही गर्दी असते पण निदान चढ छोटा आहे, तासाभराचा, वाटेत चपेटदान मारुती, शेवटी उभ्या उंच पायऱ्या, तिथे गुडघे बोलायला लागतात, आणि वर त्र्यंबकेश्वराचं मंदिर. पवनानगरपासून तिकोना पेठेपर्यंत शेअर जीप मिळाली तर मिळाली, नाहीतर रिक्षा करून जा आणि परत किती वाजता न्यायला यायचं ते त्यालाच सांगून ठेवा.

तुंगला सार्वजनिक वाहनाने एका दिवसात जाऊन यायचा हट्ट धरू नका. तो गाडीवाल्यांचा किंवा मुक्कामवाल्यांचा किल्ला.

स्वतःच्या गाडीने

एक्स्प्रेसवेचा पवनेला उपयोग नाही, कामशेतला उतरायला वाट नाही, आणि बाइकला तर तिथे बंदीच आहे. जुन्या हायवेने निगडी, देहूरोड, सोमाटणे फाटा, वडगाव, कामशेत, डावीकडे वळून पवनानगर. शिवाजीनगरहून साठेक किलोमीटर, सोमाटण्याला चारचाकीला टोल. कामशेतपर्यंत न जाता सोमाटणे फाट्यावरून परंदवडी, बेबडओहोळमार्गेही आतल्या रस्त्याने जाता येतं, शांत आहे, पण अरुंद, ऊस नाहीतर गुरं समोरून येतात, रात्री नको.

कोथरूड, वारजे, बावधनकडच्यांनी मात्र हायवेला यायचंच नाही. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड, आणि पौडहून उजवीकडे कोळवण, हाडशी करत सरळ तिकोना पेठेत. पन्नासेक किलोमीटर. कोळवण खोऱ्याचा हा रस्ता मला सगळ्यात आवडतो, पावसाळ्यात आणि भात पिवळा पडतो तेव्हा ऑक्टोबरात, दोन्ही वेळा. भूगाव सकाळी सातच्या आत पार करा, नाहीतर तिथेच तास जातो. पेट्रोल पौडला भरून घ्या.

येताना रविवारी संध्याकाळी चार ते नऊ दोन्ही रस्ते तुंबतात, हे धरूनच चला. एकतर तीनला निघा किंवा जेवून दहानंतर, किंवा रजा असेल तर सोमवारी पहाटे, जे मला सगळ्यात बरं वाटतं.

पाण्यात उतरू नका

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. पवना वरून शांत दिसते, लाटा नाहीत, ओढ नाही, आणि म्हणूनच पोरं उतरतात. खाली मूळ नदीचं पात्र आहे, जुने बांध आहेत, झाडांचे बुंधे आहेत, गाळ आहे. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल टाकलं की एकदम डोक्याच्या वर. काठ उतरता असतो आणि पाय गाळात रुतला की पोहणाऱ्यालाही निघता येत नाही. दरवर्षी इथे माणसं जातात, बहुतेक विशीतली, बहुतेक पोहता येत होतं असं घरचे सांगतात. दारू पिऊन तर काठाला बसूही नका. होडीत बसायचं असेल तर लाइफजॅकेट अंगात घालून, पट्टे बांधून, आणि ते नसेल तर बसायचं नाही, पैसे दिले असले तरी.

धबधब्यांचंही तेच. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, वर डोंगरात पाऊस पडला की खाली पाणी अचानक वाढतं, खाली ऊन असलं तरी. पावसाळ्यात जिल्हाधिकारी काही ठिकाणी बंदीचे आदेश काढतात, निघायच्या आदल्या दिवशी बातम्या बघा. काही झालंच तर १०८ आणि ११२. गावातल्या माणसाला हाक मारा, मावळातल्या पोरांना डोंगर आणि पाणी दोन्ही कळतं, आणि लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र ही मंडळी वर्षानुवर्षं गडांवर अडकलेल्यांना सोडवतायत.

मुक्काम आणि कधी जायचं

तंबूचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. माणशी हजाराच्या मागेपुढे घेतात, त्यात संध्याकाळचा चहा-भजी, जेवण, सकाळचा नाश्ता. मी एकदा नुसते फोटो बघून सगळे पैसे आधी भरले होते आणि तिथे पोचल्यावर ती जागाच नव्हती, फोन बंद. त्यामुळे आता अ‍ॅडव्हान्स थोडाच देतो, आणि आधी व्हिडिओ कॉल करून जागा दाखवायला सांगतो, खरा असेल तो दाखवतो. टॉयलेट किती आणि माणसं किती घेणार, रात्री गाणी किती वाजता बंद करता, हे दोन प्रश्न विचारा. शांतता हवी असेल तर गावातल्या एखाद्या घरी राहा, पिठलं-भाकरी, ठेचा, गरम पाणी, आणि पैसे थेट त्या घरात जातात. डिसेंबर-जानेवारीत पाण्याकाठी वारा बोचरा असतो, पुण्यातल्या थंडीच्या हिशोबाने स्वेटर नेऊ नका, टोपी आणि मोजे पण न्या.

मे महिन्यात पवना भकास असते असं म्हणतात, पण मला ती तेव्हाही बघावीशी वाटते. पाणी मागे हटतं, भेगा पडलेली जमीन वर येते आणि एरवी बुडालेलं वाघेश्वराचं दगडी मंदिर उघडं पडतं, वर्षातले बरेच महिने पाण्यात राहूनही उभं आहे. स्थानिक माणूस बरोबर घेऊन जा, गाळ वरून वाळलेला दिसतो पण आत ओला असतो. ऑगस्टअखेर धरण भरलेलं असतं आणि डोंगर हिरवे, पण ढग खाली आले की पाणीच दिसत नाही, तेव्हा नशिबाचा भाग. मला विचाराल तर सप्टेंबरचा शेवट ते दिवाळी, मधल्या वारी.

परतीला कामशेतला लोकलला वेळ असेल तर बाजारातून इंद्रायणी तांदूळ घ्या. हे वाण इथलंच, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेलं, १९८७ चं. दुकानदाराला नवा की जुना ते विचारा, दिवाळीनंतर नवा येतो, वास घरभर सुटतो, पण शिजवताना पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी घाला, नाहीतर गोळा होतो.